वजनाची वही : जड, आलिशान गाडी आडवाटेसाठी तयार करताना

१२ जानेवारी

गाडी ताब्यात आली. २००६ सालची, व्ही-एट पेट्रोल, सहा गिअरची ऑटोमॅटिक. चारही चाकांना कायम ताकद जाते, मधलं डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये ताकद वाटणारं) लॉक होतं, लो-रेंज (हळू पण जोरदार चालीचे जादा गिअर) आहे आणि चारही कोपऱ्यांवर लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या आहेत. आत लाकूड, चामडं, गरम होणाऱ्या सीटा. आधीच्या मालकाने तिला डांबरी सोडून कुठे नेलेलं दिसत नाही. पोटाखालचं प्लास्टिक अजून नव्यासारखं आहे.

दादाचा पहिलाच प्रश्न : "एवढं करायचंच होतं तर शिडीसारख्या लोखंडी चासीवरची साधी गाडी का नाही घेतलीस?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर इथे लिहून ठेवतो. महिनाभराच्या प्रवासात खडकांवर चढण्याचे तास मोजकेच असतात. खरे दिवस जातात ते खडीच्या, आडव्या लाटा पडलेल्या रस्त्यांवर. अशा रस्त्यावर प्रत्येक चाक स्वतंत्रपणे खालीवर होणारी गाडी माणसाला कमी थकवते आणि जास्त काबूत राहते. लो-रेंज, लॉक आणि उंच होणारं सस्पेन्शन ही सामग्री या गाडीत कारखान्यातूनच आलेली आहे, ती वापरली गेली नाही एवढंच. मला गाडी बदलायची नाही. जे आहे ते लांबच्या वाटेवर टिकवायचं आहे.

१३ जानेवारी

पाना हातात घ्यायच्या आधी वजनकाटा गाठला. टाकी पूर्ण भरलेली, आत कोणी नाही : २,३७० किलो. पुढच्या एक्सलवर १,२४०, मागच्यावर १,१३०. दाराच्या खांबावरच्या पाटीप्रमाणे भरलेल्या गाडीची मर्यादा २,९५० किलो, पुढचा एक्सल १,४००, मागचा १,६००.

म्हणजे हातात उरले ५८०. आम्ही दोघं मिळून १४६ किलो. राहिले ४३४. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण पाणी, इंधन, स्टेपनी, फ्रिज, अवजारं आणि लोखंडी बंपर अशी यादी करायला बसलं की ते कापरासारखे उडतात.

आजपासून एक वही. गाडीत जाणारी आणि गाडीतून निघणारी प्रत्येक वस्तू आधी तराजूवर जाईल, मग वहीत. वस्तूसमोर दोन रकाने : वजन किती, आणि "बिघडलं तर?". माझी स्वतःची मर्यादा २,८५०. पाटीवरची मर्यादा गुळगुळीत रस्त्यासाठी असते. खड्ड्यात आपटताना पिशव्यांना आणि बुशांना थोडा श्वास हवा.

२० जानेवारी

बसल्यावर कुबट वास येतो म्हणून चालकाच्या पायाखालचं कार्पेट उचललं. वरून कोरडं. खालचा फोम दाबला तर बोटांच्या फटीतून पाणी आलं. या गाड्यांत कार्पेटखाली तीन-चार बोटं जाडीचा फोम असतो, आणि त्याच्याच कुशीत वायरिंगचे जोड आणि एक-दोन इलेक्ट्रॉनिक डबे. फोम स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो, वर काही कळत नाही, आणि एक दिवस गाडी चालू व्हायलाच नकार देते.

पाणी कुठून आलं हे शोधायला अर्धा दिवस गेला. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून निचऱ्याच्या बारीक नळ्या खांबांमधून खाली येतात. पुढची डावी नळी तळाशी चिखल आणि पानांच्या भुश्शाने बंद होती. विंडशील्डखालच्या पन्हळीचं भोकही तसंच. पातळ नायलॉनची तार सरकवून नळी मोकळी केली. जोरात हवा मारली नाही, कारण हवेने वरचा जोड निसटला तर पाणी थेट छताच्या अस्तरात जातं.

फोम काढून तराजूवर ठेवला. आठ दिवस पंख्यासमोर ठेवल्यावर पुन्हा मोजेन. वायरिंगच्या जोडांवर एका ठिकाणी हिरवट थर धरलाय, तो पुसून जोड नवे केले.

२८ जानेवारी

फोम वाळला. ओला ५.१ किलो, सुका १.९. वहीतली पहिली वजाबाकी, पाण्याची.

मग एअर सस्पेन्शन. या प्रकल्पात मला खरी काळजी याचीच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. एक कंप्रेसर, एक हवेची टाकी, एक व्हॉल्व्ह ब्लॉक, चार पिशव्या, आणि प्रत्येक चाकापाशी उंची सांगणारा सेन्सर. सेन्सर एका छोट्या दांडीने सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेला असतो. दांडी हलली की कंप्युटरला उंची कळते, मग तो हवा भरतो किंवा सोडतो. बिघाडाची साखळी बहुधा एकाच ठिकाणी सुरू होते : पिशवी जिथे दुमडते तिथे रबराला बारीक चिरा पडतात, हवा झिरपते, कंप्रेसर ती भरून काढायला पुन्हा पुन्हा चालतो आणि शेवटी जळतो. लोक कंप्रेसर बदलतात, गळती तशीच राहते.

गाडी सर्वांत उंच अवस्थेत आणली, म्हणजे दुमड उघडी पडते. साबणाचं पाणी फवारलं. पुढच्या दोन्ही पिशव्यांवर बारीक फेस, मागच्या कोरड्या. मिस्त्री म्हणाले, "पुढच्या दोन बदला, मागच्या कशाला?" चारही बदलायच्या असं ठरवलं. चौघींचं वय एकच आहे. कंप्रेसरचा ओलावा शोषणारा ड्रायर आणि रिलेही नवे. रिले चिकटला तर कंप्रेसर थांबतच नाही, आणि ही वस्तू काडेपेटीएवढी.

"बिघडलं तर?" या रकान्यासाठी वेगळी तजवीज केली. व्हॉल्व्ह ब्लॉकमधून पिशवीकडे जाणारी नळी उपसून ती खोचता येईल असा जोड, आणि जोडाच्या दुसऱ्या टोकाला टायरचा व्हॉल्व्ह. असे चार. पिशवी शाबूत असेल आणि बाकी सगळं मेलं, तरी टायर भरायच्या कंप्रेसरने गाडी उभी करता येईल. मागच्या उजव्या कोपऱ्यावर करून पाहिलं. चार मिनिटांत गाडी नेहमीच्या उंचीवर. चारही जोडांचं मिळून वजन १४० ग्रॅम.

६ फेब्रुवारी

चाकं. गाडीवर २७५/४० आर २० टायर आहेत, म्हणजे २० इंचांच्या रिमचे. टायरची भिंत ११० मिलिमीटर, म्हणजे दगडावर आदळलं की आधी रिम वाकणार. हवा कमी करून चालवायचं तर दाबायला रबर हवं. खाली १८ इंचांपर्यंत जाता येईल, त्याहून लहान चाकाच्या आत ब्रेक बसत नाहीत.

१८ इंचांची पहिली जोडी आणली ती परत गेली. ब्रेकच्या कॅलिपरवर मुलांच्या खेळातल्या मातीचा गोळा चिकटवला, चाक चढवून हाताने एक फेरा फिरवला, उतरवून पाहिलं तर माती पार पुसून कॅलिपरचा रंग दिसत होता. दुसऱ्या जोडीच्या आतल्या आकाराने ४ मिलिमीटर माती शिल्लक ठेवली. एवढी पुरे.

बोल्टकडे लक्ष. या गाडीच्या मूळ चाकांत बोल्टची बैठक गोल आहे. शंकूच्या बैठकीचे बोल्ट त्यात घट्ट बसल्यासारखे वाटतात, पण टेकतात फक्त एका कडेवर आणि रस्त्यात ढिले होतात. नव्या चाकांची बैठकही गोल आहे याची खात्री करूनच घेतली. बोल्ट १६० न्यूटन-मीटरने आवळले, आणि ८० किलोमीटरनंतर पुन्हा तपासणी.

१८ फेब्रुवारी

टायरच्या मापावर दादा आणि मी दोन रविवार वाद घातला. त्याचं म्हणणं २६५/६५, व्यास ८०२ मिलिमीटर. माझं २६५/६०, व्यास ७७५. मूळचा ७२८.

मोठा टायर दिसायला देखणा आणि एक्सलखाली जास्त जागा देणारा, हे खरंच. पण चाक मोठं झालं की तेच चाक फिरवायला गिअर, शाफ्ट आणि डिफरन्शियलवर जास्त जोर येतो, आणि ब्रेकवरही. १९७१-७२ मध्ये ब्रिटिश ट्रान्स-अमेरिका मोहिमेने दोन रेंज रोव्हर अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत नेल्या. वाटेतलं डॅरियनचं दलदलीचं जंगल पार करायलाच त्यांना जवळजवळ १०० दिवस लागले. दलदलीसाठी बसवलेल्या अवाढव्य टायरांचा ताण डिफरन्शियलना सोसला नाही, ती फुटली. जी वस्तू चिखलातून काढायला बसवली तिनेच गाडी थांबवली. ही गोष्ट मी दादाला सांगितली, पण निकाल लागला तो दुसऱ्याच परीक्षेने.

दोन्ही मापाचं एकेक चाक उसनं आणलं. गाडीच्या पिशव्यांमधली सगळी हवा सोडली, ती आपल्या थांब्यांवर बसू दिली. मग प्रश्न असा : अशा बसलेल्या अवस्थेत चाक फिरतं का, आणि स्टिअरिंग पूर्ण वळतं का? ८०२ च्या चाकाने मडगार्डच्या आतल्या अस्तराला गच्च पकडलं. म्हणजे रानात हवा गेली तर गाडी हलणारच नाही, ओढतासुद्धा येणार नाही. ७७५ चं फिरलं, फक्त पूर्ण वळणावर अस्तराची एक कड घासली. ती हीटगनने गरम करून आत दाबली. दादाने खाली वाकून स्वतः चाक फिरवलं, उठला आणि म्हणाला, "ठीक आहे, हेच घे."

टायर एलटी (लाइट ट्रक) जातीचे, लोड इंडेक्स ११९, म्हणजे एकेक १,३६० किलो पेलणारा. भिंतीत तीन थर. एलटी टायरला तेवढंच वजन पेलायला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते, त्यामुळे जुन्या पाटीवरचा आकडा आता लागू नाही. डांबरीवर ४२ पीएसआयपासून सुरुवात. चाक-टायर मिळून ३२.५ किलो, जुनं २९.५ होतं. चार चाकांचे १२ किलो वाढले, आणि तेही पिशव्यांच्या खाली, जिथे प्रत्येक किलो जास्त जाणवतो.

वेगमापक १०० दाखवतो तेव्हा जीपीएसवर आधी ९६ होते, आता १०२. हे लक्षात ठेवायचं.

२ मार्च

उंचीच्या सेन्सरला कमी-जास्त करता येणाऱ्या दांड्या बसवल्या. कंप्युटरला फसवून गाडी २५ मिलिमीटर उंच ठेवायची ही युक्ती सगळीकडे सांगितली जाते. दांडीच्या मधला आट्यांचा भाग फिरवला की लांबी बदलते. काम तासाभराचं.

१० मार्च

दांड्या काढल्या, मूळच्या परत लावल्या. उंच अवस्थेत नेल्यावर चाकाला खाली लटकायला जागाच उरली नव्हती. खड्डा आला की चाक खाली जाऊन शेवटच्या थांब्यावर "ठप्प" आपटायचं. पुढच्या ड्राइव्हशाफ्टचा कोनही इतका तिरका झाला की पूर्ण वळणावर टकटक ऐकू आली. उभ्या गाडीची उंची वाढली आणि चालत्या गाडीचं सस्पेन्शन कमी झालं. मला चालती गाडी हवी. काढलेल्या दांड्या हत्यारांच्या पेटीच्या तळाशी टाकल्या.

१७ मार्च

लोखंडी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचं मोटरचं यंत्र). याचा हिशोब कागदावर मांडला तो इथे उतरवतो, कारण मलाही आकडा पाहून धक्का बसला.

बंपर ४० किलो, विंच ३५. एकूण ७५. पण हे वजन पुढच्या एक्सलच्या ८५ सेंटिमीटर पुढे लटकणार, आणि दोन एक्सलमधलं अंतर २.८५ मीटर. तराजूच्या दांडीचंच गणित : पुढच्या एक्सलवर ७५ नव्हे, जवळपास ९७ किलो वाढतात आणि मागून २२ उचलले जातात. आमच्याकडे पुढे शिल्लक आहे १६०. म्हणजे एका वस्तूने अर्ध्याहून अधिक खाल्ली, तीही सर्वांत नाजूक कोपऱ्यावर.

विंच नको. त्याऐवजी हाताने ओढायचं केबलचं यंत्र, दीड टनाच्या आसपास ताकदीचं. केबलसकट २७ किलो, गाडीच्या पोटात मावतं, पुढे आणि मागे दोन्हीकडून लावता येतं. हळू आहे, अंगमेहनत आहे, ती मला मान्य आहे.

मात्र ओढायचं कशाला? पुढे बंपरच्या भोकात आटे फिरवून बसवायचा जो हुक गाडीबरोबर मिळतो तो सपाट रस्त्यावर हळू ओढण्यापुरता. त्याला ताणणारा दोर लावून झटका दिला तर हुक गोळीसारखा सुटतो. मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्याचंही तेच. तो गोळा तुटून माणसं मेलेली आहेत. ही बाब मी कुणाच्याही भरवशावर सोडणार नाही.

दादाने लेथवर बसून काम केलं. बंपरच्या मागे गाडीच्या दोन्ही पुढच्या लांब्यांना (सांगाड्याच्या लांब तुळयांना) जोडणारी १० मिलिमीटर पोलादी पट्टी, प्रत्येक बाजूला चार एम-१२ बोल्ट, १०.९ दर्जाचे. लांब्या आतून पोकळ आहेत. नुसता बोल्ट आवळला तर पत्रा आत चेपतो आणि बोल्ट कायमचा सैल होतो. म्हणून प्रत्येक बोल्टसाठी आतून नळी : पत्र्याच्या दोन भिंतींमधलं अंतर मोजून तेवढ्याच लांबीची, दोन्ही तोंडं लेथवर काटकोनात घेतलेली. दादाने आठही नळ्या एका ओळीत काचेवर उभ्या केल्या आणि वर पट्टी ठेवून उजेडाकडे पाहिलं. दोन पुन्हा घासल्या. वेल्डिंग कुठेच नाही. या लांब्यांचं पोलाद उष्णतेने मऊ पडतं आणि अपघातात जिथे टिकायला हवं तिथेच दुमडतं. पट्टी-बोल्टसकट ९ किलो.

५ एप्रिल

पोटाखालचे संरक्षक पत्रे. तीन तुकडे : इंजिन-रेडिएटर, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद पाठवणारी पेटी). ३ मिलिमीटर पोलाद चौरस मीटरला साडेतेवीस किलो, ६ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम १६. दीड चौरस मीटर लागतात. ५०८३ जातीचं अ‍ॅल्युमिनियम घेतलं. दगडावरून घसरताना पोलाद जास्त सहज सरकतं, अ‍ॅल्युमिनियम थोडं खरवडतं, पण अकरा किलो मी त्यासाठी देणार नाही.

कटिंगच्या आधी पुठ्ठ्याचे नमुने तीनदा केले. तेल सोडायची भोकं, हवा जायच्या फटी, बोल्टची डोकी पत्र्यात बुडवलेली. सायलेन्सरच्या पाइपखाली मुद्दाम पत्रा दिला नाही : वाळलेलं गवत तिथे अडकून पेटतं. ट्रान्स्फर केसची बॉडी पत्र्यापासून २० मिलिमीटर दूर. पत्रा आत चेपला तरी ठोका थेट केसला बसणार नाही.

१४ एप्रिल

तेलं, पाणी, नळ्या. गिअरबॉक्सचं तेल "आयुष्यभराचं" म्हणून लिहिलेलं होतं, काढलं ते काळं. ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचंही बदललं. इंजिनावरचे कूलंटचे प्लास्टिकचे जोड ठिसूळ झाले होते, अ‍ॅल्युमिनियमचे घातले.

डिफरन्शियलच्या श्वासनळ्यांची तोंडं वर इंजिनाच्या खोलीत नेली. तापलेलं डिफरन्शियल थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढते. दुसऱ्या दिवशी तेल दुधासारखं दिसतं. इंजिनाचं हवा घ्यायचं तोंड जमिनीपासून ८६ सेंटिमीटरवर आहे. स्नॉर्केल (छपराच्या उंचीवरून हवा घेणारी नळी) बसवत नाही. ५० सेंटिमीटरपेक्षा खोल पाण्यात जायचंच नाही असं ठरवलंय. एवढी इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या गाडीत इंजिन वाचून भागत नाही.

२६ एप्रिल

दुसरी बॅटरी. लिथियम आयर्न फॉस्फेट, १०० अँपिअर-तास, १२ किलो. तेवढ्याच क्षमतेची एजीएम (शिशाची बंद बॅटरी) २९ किलोची होती. शून्य अंशांखाली लिथियमची बॅटरी चार्ज करायची नसते, म्हणून ती गाडीच्या आत, स्टेपनीच्या रिकाम्या खड्ड्यात. अल्टरनेटरला थेट जोडली तर ती सारखी ओढत राहते आणि अल्टरनेटर तापतो. मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर.

मूळ बॅटरी चालकाच्या सीटखाली आहे. तिथून मागे जायला-यायला मिळून दहा मीटर तांब्याची वायर. १६ चौरस मिलिमीटरने ३० अँपिअरला साधारण एक तृतीयांश व्होल्ट पडतो, १० ने अर्ध्याहून थोडा जास्त. १६ ची घेतली. फ्यूज दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरात. मधल्या वायरला कुठे घासून शॉर्ट झाला तर दोन्हीकडच्या बॅटऱ्या तिला जाळू शकतात, हे लोक विसरतात आणि एकच फ्यूज लावतात.

१० मे

मागची सीट काढली, ४६ किलो वजा. जागी ९ मिलिमीटर प्लायवूडची फळी, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर, ३१ किलो. फळीखाली पूर्ण मापाची स्टेपनी आडवी, सीटच्याच मूळ बोल्टांना घट्ट बांधलेली. पाण्याची ४० लिटरची टाकी दोन एक्सलच्या मधोमध. छपरावर काही नाही. छपरावरचा तंबू ५५-६० किलोचा असतो आणि तो नेमक्या त्या जागी बसतो जिथून गाडी आडव्या उतारावर कलंडते. आत झोपल्यावर माझे पाय जेमतेम मावतात, चालेल.

२१ मे

जुन्या खाणीत पहिली चाचणी, मालकाच्या परवानगीने. मिस्त्री बरोबर आले.

तिरपा खड्डा : पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत. स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी सरळ एक्सलवाल्या गाडीइतकी पाय लांबवू शकत नाही, त्यामुळे चाकं लवकर उचलली जातात. मधलं लॉक असूनही पुढचा आणि मागचा जोर हवेतल्या चाकांकडे पळतो. मग कंप्युटर त्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो आणि जोर दुसऱ्याकडे ढकलतो. मी दोनदा घाबरून पाय काढला, आणि दोनदा गाडी मागे सरकली. मिस्त्री खिडकीशी येऊन म्हणाले, "पाय काढू नका. तिला काम करायला वेळ द्या." तिसऱ्यांदा अ‍ॅक्सिलरेटर हलका पण स्थिर धरला. एक सेकंद चाकं फिरली, करकर आवाज आला, मग जमिनीवरची चाकं चावली आणि गाडी चढून गेली.

सहा-सात वेळा तेच केल्यावर ब्रेक तापल्याची सूचना आली आणि मदत बंद पडली. तेव्हा चढावर थांबून थंड होऊ देणं हाही चालवण्याचाच भाग धरायचा.

रेतीच्या ढिगावर ४० पीएसआयला गाडी एक्सलपर्यंत रुतली. १८ वर आणल्यावर फावडं न लावता बाहेर आली. टायर रुंद होतो असं वाटतं, खरं तर जमिनीवरचा ठसा लांब होतो. रेतीवर ठशाची पट्टी मोजून पाहिली. रेतीत स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करायचा, तो नेमका हवा असतो तेव्हा ताकद कापतो.

७ जून

तीन दिवसांची फेरी, पूर्ण सामानासह. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाळक्या नाल्यातून जाताना मागून फट्कन आवाज आला. पन्नास मीटरवर गाडी मागच्या उजव्या बाजूला बसू लागली. पडद्यावर सस्पेन्शनचा पिवळा दिवा.

पिशवी गेली असं धरूनच मी हवेचे जोड काढायला घेतले. आधी आडवा होऊन पाहिलं हे बरं झालं. पिशवी टणक होती. एका फांदीने सेन्सरची दांडी उपटून नेली होती. सेन्सरचा हात खाली लोंबत होता; कंप्युटरला वाटलं हा कोपरा फार उंच आहे, म्हणून तो शिस्तीत हवा सोडत होता.

दांडीची सुटी प्रत आणली नव्हती. "बिघडलं तर?" या रकान्यात मी पिशव्या, कंप्रेसर, रिले सगळं लिहिलं होतं, बोटाएवढी दांडी लिहिली नव्हती. बायकोने पेटीतलं सगळं सामान ताडपत्रीवर ओतलं आणि तळातून मार्चमधली ती कमी-जास्त होणारी दांडी उचलून विचारलं, "ही तीच ना?" डाव्या बाजूच्या शाबूत दांडीची लांबी दोऱ्याने मापली, नवीन तेवढ्यावर फिरवून लॉकनट आवळला. दोन्ही टोकं दाबून बसवली. इंजिन चालू केल्यावर कंप्रेसर गुरगुरला आणि मागचा कोपरा हळूहळू वर आला. अंधार पडायच्या आत नाल्याबाहेर.

१२ जून

परतीच्या वाटेवर वजनकाटा गाठला होता. आम्ही दोघं आत, टाक्या पुन्हा भरलेल्या. वहीप्रमाणे २,७९६ यायला हवे होते. काट्यावर २,८२०. पुढे १,३१०, मागे १,५१०. मर्यादेत आहे, पण २४ किलो कुठून आले?

घरी वही आणि सामान ओळीने जुळवलं. न मोजता आलेली एकच पिशवी सापडली, ४ किलोची. मग दादाने गाडीखाली टॉर्च मारला. संरक्षक पत्र्यांच्या वर, पत्रा आणि गिअरबॉक्सच्या मध्ये, चिखल ठासून भरला होता आणि वाळून विटेसारखा झाला होता. खरवडून बादल्यांत भरला, तराजूवर ठेवला : १७ किलो. वजनापेक्षा वाईट म्हणजे तोच चिखल गिअरबॉक्सभोवती घोंगडीसारखा बसला होता. तेलाचं तापमान या फेरीत सारखं चढं का दिसत होतं ते आता कळलं.

१५ जून

पत्रे उतरवले. प्रत्येकाला मागच्या कडेला हाताचा पंजा जाईल एवढं लांबट भोक पाडलं, कडा घासून गोल केल्या. पाण्याच्या पाइपने वरून धुतलं की चिखल तिथून बाहेर पडतो. बादलीभर माती कालवून दोनदा पाहिलं.

कमी-जास्त होणाऱ्या चारही दांड्या काढून मूळ दांड्यांशेजारी ठेवल्या. दोन पुढच्या मापाला, दोन मागच्या मापाला लावून लॉकनटवर रंगाची रेघ ओढली, पुढच्यांना पांढरी, मागच्यांना लाल. मागच्या उजव्या बाजूला मूळ जातीची नवी दांडी. सुट्या चार दांड्या आता दाराच्या खणात असतील, पेटीच्या तळाशी नाही.

वहीत नोंद : सेन्सरच्या दांड्या, ४ नग, २४० ग्रॅम. १ जुलैला पहाटे निघायचं आहे.